कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या प्लेटिंग युनिटच्या पाण्यातलं सायनाइड क्लोरीन न वापरता काढता येईल का?

हो, येतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उत्प्रेरक म्हणून थोडं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. सायनाइडचं सायनेट होतं, ते खूपच कमी विषारी, आणि पुढे त्याचा अमोनिया व कार्बोनेट होतो. नुसतं पेरॉक्साइड फार हळू चालतं, तांब्यामुळे वेग येतो. तुमचं काम कॉपर सायनाइड प्लेटिंगचं असेल, तर धुण्याच्या पाण्यात तांबं आधीच असतं, वेगळं मोरचूद बहुधा लागणारही नाही.

हिशोब असा: लिटरला १०० मिलिग्रॅम सायनाइड असलेल्या १००० लिटर पाण्याला कागदावर ५० टक्क्यांचं साधारण २६० ग्रॅम पेरॉक्साइड लागतं. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरा, कारण इतर घाणही ते खाते. म्हणून आधी बादलीभर पाण्यावर चाचणी घ्या.

पीएच १० च्या आसपास ठेवा आणि ॲसिड पिकलिंगचं (ॲसिडने धातूवरचा गंज काढण्याचं) पाणी या टाकीत चुकूनही येऊ देऊ नका. दोन्ही लाइन वेगळ्याच हव्यात. पीएच उतरला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि टाकीवर वाकलेला माणूस जागीच जातो. हे कामगारांना स्वतः समजावून सांगा, नुसता बोर्ड लावून भागत नाही.

लोखंडाशी बांधलेलं सायनाइड मात्र याने तुटत नाही, ते साका करून वेगळं काढावं लागतं. तांब्याचा गाळही घातक कचऱ्यातच द्यायचा. नदी-नाल्यात सोडायची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि कृष्णेतल्या माशांना मरायला त्याहून कमीही पुरतं.