सॉरी न म्हणता माफी?

प्रश्न : डिबेटची तयारी करतेय, विषय आहे साऊथ आफ्रिकेचा ट्रुथ कमिशन. आमचे सर म्हणतात, वर्णभेदाच्या काळात ज्या पोलिसांनी छळ केले, खून पाडले त्यांना नुसतं सॉरी म्हटलं की सोडायचे. खरंय का? आणि ज्यांची माणसं गेली त्यांना काय मिळालं?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सरांना सांग, सॉरी म्हणायची अटच नव्हती! हा आयोग १९९५च्या कायद्याने आला, वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासायला. माफी, म्हणजे खटल्यातून सुटका, देताना मुख्य बघायचं ते एवढंच की गुन्हा राजकीय हेतूने केला होता का आणि सगळं खरं सांगितलं का, म्हणजे कोणी मारलं, हुकूम कोणाचा, प्रेत कुठे पुरलं. पश्चात्ताप झाला नसला तरी चालायचं. ऐकायला कसंतरी वाटतं, पण मला हे पटतं, कारण नक्राश्रू कोणीही गाळेल, प्रेत कुठंय ते पुरणाऱ्यालाच माहीत, आणि जुन्या सरकारने जाता जाता ढिगाने फायली नष्ट केलेल्या.

बेन्झीन नावाचा केपटाऊनचा पोलीस होता, तो डोक्यावर ओली पिशवी घालून लोकांना गुदमरवायचा. १९९७च्या सुनावणीत टोनी येंगेनी, ज्यांचा त्याने छळ केला होता आणि जे तोवर खासदार झाले होते, त्यांनी समोरासमोर विचारलं, कसं करायचास ते दाखव, आणि त्याने सगळ्यांसमोर करून दाखवलं. त्याला माफी मिळाली. पण सरसकट नाही हं, सात हजारांवर अर्ज आलेले, मंजूर झाले फक्त ८४९. वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते स्टीव्ह बिको कोठडीतल्या मारहाणीनंतर १९७७ मधे गेले, त्या प्रकरणातल्या पोलिसांचे अर्ज फेटाळले.

खरी गडबड इथून पुढे. माफी नाकारली तर खटला भरायचा, असं ठरलेलं. तीनशेच्या आसपास केसेस सरकारी वकिलांकडे गेल्या आणि बहुतेक तशाच पडून राहिल्या, बिकोंचीसुद्धा. नुकसानभरपाईचं म्हणशील तर आयोगाने प्रत्येक पीडिताला सहा वर्षं दरवर्षी साधारण २१ हजार रँड (तिथलं चलन) द्या सांगितलेलं, २००३ मधे सरकारने एकदाच ३० हजार दिले आणि विषय संपवला. त्यामुळे आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष असलेल्या या आयोगाला फार झोडू नकोस, माझ्या मते दोष नंतरच्या सरकारांचा जास्त आहे. या केसेस कोणी दाबल्या का हे बघायला राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी २०२५ मधे वेगळा चौकशी आयोग नेमलाय, समोरच्या टीमला हे बहुतेक माहीत नसेल.