परसातली वेधशाळा आणि पहाटेचा तलाव

चाळिशी ओलांडलेल्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा बरेचदा एक प्रश्न घेऊन येतात. दोन गोष्टी मनापासून कराव्याशा वाटतात, दोन्ही अर्ध्याच होताहेत, मग एक सोडून देऊ का? कुणाचं गाणं आणि शेती असते, कुणाचं धावणं आणि पीएच.डी. पुरुषही हेच विचारतात, पण त्यांचा सूर 'आधी कशाला वेळ देऊ' असा असतो. बायकांच्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न दडलेला असतो: मी स्वतःसाठी एवढं मागणं बरोबर आहे का? म्हणून मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर घाईने देत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची ही हकिगत आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाईंकडे आठ इंची आरशाची दुर्बीण होती, मोटरवर फिरणाऱ्या बैठकीची. दर वेळी ती घरातून बाहेर काढायची, पातळी साधायची, बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे जुळवायचा, यात तास जायचा. आवरताना पुन्हा तेवढीच हमाली. म्हणून त्यांनी घरामागच्या परसात छोटी वेधशाळा बांधायचं ठरवलं. मधोमध जमिनीत खोलवर रोवलेला काँक्रीटचा खांब, त्यावर दुर्बीण कायमची बसवलेली, भोवती चार भिंती आणि रुळांवरून मागे सरकणारं पत्र्याचं छप्पर. खांब आणि फरशी यांच्यात फट ठेवायची असते. नाहीतर कुणी दोन पावलं चाललं तरी दुर्बिणीतला तारा थरथरतो. हे सगळं त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं आणि दाखवताना त्यांचा चेहरा पूर्ण बदलला. अशा वेळी मी नीट पाहते. समोरच्या माणसाला खरंच काय हवं आहे, ते तिथे दिसतं.

दुसरीकडे पोहणं. पस्तिशीनंतर शिकलेल्या. पहाटे बायकांच्या बॅचला आठवड्यातून पाच दिवस तलावावर. मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, त्यात उतरायचं होतं.

आणि प्रत्यक्षात काय चाललं होतं? खांबासाठी दिवाळीत खणलेला खड्डा पुढचा अख्खा पावसाळा उघडाच राहिला. त्यात पाणी साचलं, सळ्या गंजल्या. शेजारीण विचारून गेली, "बाई, विहीर पाडताय का?" तलावावर दीड किलोमीटरला लागणारा वेळ वाढत चालला होता आणि पोहण्याचे सर म्हणाले होते, "तुमचं लक्ष कुठंय?" घरी सासूबाई रोज एकदा तरी म्हणायच्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"पोहणं सोडते," बाई म्हणाल्या. "ते काय, नुसतं माझ्यासाठीच आहे. दुर्बिणीचा निदान शाळेतल्या मुलांना तरी उपयोग होईल."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

अशी व्यक्ती समोर आली की मी आधी एक गोष्ट तपासते. एकदम मोठी कामं अंगावर घेतली आहेत, झोप तीनचार तासांवर आली तरी थकवा नाही, बोलणं भरभर, पैशाचं भान सुटलेलं, आणि हे सगळं दिवसेंदिवस टिकून आहे, असं दिसलं तर तो छंदांचा प्रश्न नसतो. तिथे मनोविकारतज्ज्ञांची भेट लगेच घ्यायला हवी आणि मी तसं स्पष्ट सांगते. बाईंचं तसं नव्हतं. त्या थकलेल्या होत्या, दुपारी शिकवताना डोळे मिटत होते, खर्चाला तर घाबरत होत्या.

मग मी त्यांना दोन आठवडे फक्त टिपण ठेवायला सांगितलं. काय केलं ते नव्हे, किती वाजता केलं ते.

टिपणात असं दिसलं: पोहण्याचा वेळ वेधशाळेने खाल्ला नव्हता आणि वेधशाळेचा पोहण्याने. दोन्हींचा वेळ रात्री अकरा ते एक या काळात जात होता, मोबाइलवर. घुमट करावा की सरकतं छप्पर, रूळ कुठले, चाकं कुठली, परदेशातल्या लोकांनी काय केलं, हे सगळं पाहण्यात. पहाटे पाचला गजर. म्हणजे जेमतेम चार तास झोप, तिच्यावर पोहणं, त्यावर शाळा. कुठल्याही सरांना त्या शरीराकडून वेग मिळाला नसता. आणि परसात मात्र त्या दोन आठवड्यांत एक घमेलंही हललं नव्हतं. गवंडी बोलावून खांब ओतायला एक रविवार पुरला असता, हे त्यांनाही माहीत होतं.

मग तो रविवार का येत नव्हता? हे विचारल्यावर बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मधे आंबा येतो."

साताऱ्याचा अक्षांश साधारण पावणेअठरा, म्हणून ध्रुवतारा तिथून उत्तर क्षितिजावर जेमतेम अठरा अंशांवर दिसतो. एवढ्या खाली की परसातला आंबा त्याला पुरता झाकतो. आंबा सासऱ्यांनी लावलेला. ध्रुव दिसला नाही तर अक्ष जुळणार नाही, अक्ष जुळायला आंबा छाटावा लागणार, आणि तो विषय काढण्याचं धाडस होत नव्हतं. म्हणून काम वर्षभर खड्ड्यात. दोष मात्र पोहण्याला.

माझ्या अनुभवात हे फार वेळा घडतं. माणूस म्हणतो, वेळ पुरत नाही. खणत गेलं की खाली एखादं न झालेलं बोलणं सापडतं. ते टाळण्यासाठी माणूस आपली आवडती गोष्टसुद्धा सोडायला तयार होतो, कारण आवड सोडताना कुणाशी वाद होत नाही.

पुढच्या भेटीला बाईंचे यजमान आले. पतसंस्थेत नोकरी करणारे, मितभाषी गृहस्थ. मी बाईंनाच सुरुवात करायला सांगितली, पण आधी तेच बोलले.

"खड्डा पाडला तेव्हाच मी समजलो, आता आंबा जाणार. म्हटलं, हिचं ठरलंय तर बोलून काय उपयोग."

"अहो, मी आंबा तोडायचं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण गवंडी आला होता तेव्हा सुतळी आंब्यापर्यंत धरली होती तुम्ही दोघांनी."

एवढंच. एका सुतळीवर वर्षभराचा अबोला. त्यांचा वेधशाळेला विरोध होता असं बाई धरून चालल्या होत्या. खरं तर यजमानांना आंब्याची काळजी होती, आणि दुसरी पैशाची: हे काम कुठे थांबणार ते कुणी सांगत नव्हतं. तिसरी काळजी त्यांनी संकोचत सांगितली, रात्री ती परसात एकटी असणार.

मला आकाशातलं कळत नाही आणि कळत असल्याचा आव मी आणत नाही. मी बाईंना इतकंच सांगितलं, की ध्रुवाशिवाय चालतच नाही हे तुम्ही स्वतः ठरवलंय की कुणी जाणत्याने सांगितलंय? पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते, आजूबाजूच्या जिल्ह्यांतही अनुभवी मंडळी असतात. विचारून या. त्यांनी एका जुन्या निरीक्षकाला विचारलं आणि उत्तर मिळालं. दक्षिणोत्तर रेषेजवळचा, आकाशातल्या विषुववृत्तालगतचा एक तारा धरायचा, दुर्बिणीत तो हळूहळू उत्तरेला सरकतो की दक्षिणेला ते बघत बैठक डावी-उजवीकडे सुधारायची. मग पूर्वेला किंवा पश्चिमेला खाली असलेला तारा धरून बैठकीचा कल सुधारायचा. एखाददोन संध्याकाळी जातात, पण खांब पक्का असेल तर पुन्हा पुन्हा करावं लागत नाही. ध्रुव दिसायची गरज नाही. आंबा राहिला.

पैशाबद्दल दोघांनी एकच आकडा ठरवून कागदावर लिहिला. त्यात घुमट बसत नव्हता, म्हणून घुमटाचा विषयच संपला. लोखंडी अँगल, चॅनेल आणि गेटला वापरतात तसली चाकं घेऊन गावातला फॅब्रिकेटर छप्पर करून देणार होता. रात्रीच्या काळजीसाठी परसाच्या दाराला आतून कडी आणि मंद लाल दिवा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते क्षणात बिघडतं, लाल मंद उजेडाने फारसं नाही. यजमानांना वाट दिसते आणि बाईंचं काम अडत नाही.

इथे मी लोकांना नेहमी सांगते ती एक गोष्ट बाईंनाही सांगितली. विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार. इंग्लंडमध्ये बाथ गावी, घरामागच्या बागेतून १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याने युरेनस शोधला. दिवसा शिकवण्या, रात्री आकाश. याच्या नावाने सगळे स्फूर्ती घेतात. पण तासन्तास आरसा घासताना त्याला हात काढता येत नसे, तेव्हा बहीण कॅरोलाइन त्याच्या तोंडात घास भरवत असे. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला. आधीची वर्षं मात्र ती घास भरवत होती. म्हणून मी विचारते: तुमच्या घरात घास भरवणारं कोण आहे?

बाई चटकन म्हणाल्या, "सासूबाई." पहाटे बाई तलावावर असतात तेव्हा मुलीचा आणि यजमानांचा डबा सासूबाई करतात. सत्तरीच्या बाई, गुडघे दुखतात. 'भाराभर चिंध्या' हा टोमणा नव्हता, दमलेल्या माणसाचं बोलणं होतं. त्यानंतर डब्याची पोळीभाजी रात्री अर्धी करून ठेवणं आणि आठवड्यातले दोन दिवस यजमानांनी डबा करणं असं ठरलं. पहिले काही दिवस भाजी करपली म्हणे. सासूबाईंनी ती म्हण नंतर फारशी काढली नाही.

मग वेळापत्रक. पोहणं आणि बांधकाम एकाच मापाने मोजू नका, असा माझा आग्रह असतो. बांधकाम एक दिवस संपतं. पोहणं संपवायचं नसतंच, टिकवायचं असतं. आणि टिकवायला वाढवण्याइतका वेळ लागत नाही. तलावावरच्या सरांशी त्या बोलल्या तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं: आठवड्यात तीन दिवस या, त्यातला एक दिवस जोर लावून पोहा, दम बराचसा टिकेल. उन्हाळ्यात तलावावर सुट्टीच्या बॅचची गर्दी असतेच. शाळेलाही सुट्टी. म्हणून मार्च ते मे बांधकाम, मृग लागायच्या आत छप्पर. पावसाळ्यात ढगांमुळे आकाश मिळणार नाही, तेव्हा पुन्हा पाच दिवस पोहणं आणि अंतर वाढवणं.

खरी ओढाताण दिवाळीनंतर. स्पर्धेची तयारी आणि वर्षातलं सगळ्यात स्वच्छ आकाश एकाच वेळी येतं. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेसातपर्यंत पूर्ण अंधार होतो. साडेसात ते साडेनऊ निरीक्षण करून दहाला झोपता येतं. रात्र जागवलीच पाहिजे, हा समज सोडला की अर्धा ताण जातो. शिवाय बाईंना रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी करायच्या होत्या. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा साधारण ३३२ दिवसांत तेजस्वी होऊन पुन्हा मंद होतो. त्याची आठवड्या-दहा दिवसांतून एक नोंद पुरते. १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी घेते. रोज रात्री उभं राहायची गरजच नव्हती. एक नियम मात्र मी ठामपणे घालून दिला: ज्या रात्री झोप पुरेशी झाली नाही, त्या सकाळी जोराचं पोहणं नाही आणि समुद्र तर अजिबात नाही. पेंगुळलेल्या अंगाने पाण्यात उतरणं धोक्याचं आहे, यात तडजोड करू नये.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या मोठ्या पावसात रुळांच्या बाजूने पाणी आत आलं, दुर्बीण प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरात आणावी लागली, आणि फॅब्रिकेटरने पत्रा वाकवून पट्टी लावून दिली तेव्हा कुठे गळती थांबली. मालवणला बाईंनी आपल्या गटातलं अंतर पूर्ण केलं. वेळ त्यांना हवा होता तसा आला नाही. त्याबद्दल त्यांना वाईट वाटलं आणि मी ते वाईट वाटू दिलं. मीराच्या नोंदी त्या पाठवू लागल्या.

एखादी गोष्ट सोडणं कधी बरोबर असतं, हेही विचारलं जातं. शरीराने नाही म्हटलं असेल, कर्ज काढावं लागत असेल, घरातल्या लहान मुलाला किंवा आजारी माणसाला तुमची खरीच गरज असेल, तर सोडावं, निदान काही काळ. दोन्ही गोष्टी तुम्ही कशापासून तरी पळण्यासाठी धरल्या असतील, तर ज्यापासून पळताय त्याकडे आधी पाहावं. पण 'नुसतं माझ्यासाठीच आहे' एवढ्याच कारणाने कुणी काही सोडायला निघालं, तर मी थांबवते. त्या पहिल्या दिवशीचं वाक्य मी बाईंना नंतर वाचून दाखवलं. पहाटेचा तो एक तास हाच दिवसातला एकमेव वेळ होता, ज्यात त्यांना कुणाची सून, आई, बाई असावं लागत नव्हतं. तो गेला असता तर वेधशाळेलाही त्या फार दिवस पुरल्या नसत्या, असं माझं मत आहे.

येत्या जूनमध्ये मुलगी दहावीला जाईल. पहाटेचा अभ्यास, क्लासच्या वेळा, तेव्हा तलावाचं गणित पुन्हा मांडावं लागणार आहे. यजमानांचं म्हणणं, क्लासला सोडायचं काम ते बघतील. मुलीचं म्हणणं अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून मेमध्ये तिघांनी एकत्र या, असं मी सांगितलं आहे.