टेबलाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं?

मावशी,
मी देवगड तालुक्यातली. मुंबईला एमबीबीएस झालं, आता सिंधुदुर्गातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, करते आहे. नीट पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर मला गायनॅक (स्त्रीरोग-प्रसूती) आणि अॅनेस्थेशिया (भूलशास्त्र) दोन्ही मिळण्यासारखं आहे. बाबांची हापूसची कलमं आहेत. त्यांनी कणकवलीजवळ हायवेला जागा घेऊन ठेवली आहे, 'तुझ्या नर्सिंग होमसाठी'. इंटर्नशिपपासून मला ओटीत पेशंटच्या डोक्याशी उभं राहायला आवडतं. पण गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका बाईला बाळंतपणानंतर भयंकर रक्तस्राव झाला. सिस्टर पोट चोळत होत्या, ऑक्सिटोसिन चालू होतं, प्रेशर ७० वर आलेलं. मी दुसऱ्या हाताच्या शिरेत सलाईनसाठी जाड नळी (इंट्राकॅथ) लावली, सलाईन दाबून सोडलं, तिला ऑक्सिजन लावून १०८ मधून फोंडा घाटाने कोल्हापूरला नेलं. ती वाचली. पण तेव्हापासून लेबर रूमकडे जाताना पोटात गोळा येतो. मी अॅनेस्थेशिया आवडीने घेते आहे की घाबरून पळते आहे? शेजारच्या काकी म्हणतात, "भूल देणारी डाक्टर म्हंजे काय गो? पेशंट झोपलेलो, तेका तुजा नाव कसा कळतला?" चॉइस फिलिंग, म्हणजे ब्रँच-कॉलेजांची पसंतीची यादी भरणं, तोंडावर आलं आहे.
– द्विधा

बाय,

मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यात आयुष्यभर बाळंतपणं केली. त्यामुळे तुझं पत्र वाचताना मी एका ब्रँचच्या बाजूने झुकलेली असणार हे धरून चाल. तरी माझं मत आधीच सांगते, कारण तुझ्याकडे वेळ थोडा आहे: यादीत अॅनेस्थेशिया वर लिही.

आता भीतीचं बघू, कारण खरा अडसर तोच आहे. लेबर रूमपासून पळायचं म्हणून जर कोणी भूलशास्त्र निवडत असेल, तर तिने नीट समजून घ्यावं की ती त्याच खोलीत परत येणार आहे. कोकणात बाळंतिणीचं रक्त थांबत नाही तेव्हा पहिला फोन गायनॅकला जातो आणि दुसरा भूलतज्ज्ञाला. रक्त गेलेल्या बाईला स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भूल, देणं धोक्याचं असतं, प्रेशर आणखी कोसळतं. मग पूर्ण भूल द्यायची, श्वासनलिकेत ट्यूब घालायची, रक्त चढवायचं, नाडी आणि प्रेशर सांभाळायचं. हे सगळं मी खाली टाके घालत असताना वरच्या बाजूला कोणीतरी करत असतं. आई जिवंत घरी जाते त्यात त्या माणसाचा वाटा निम्मा असतो. कधी कधी निम्म्याहून जास्त.

म्हणजे अॅनेस्थेशिया घेतलंस तरी ती रात्र तुला चुकणार नाही. फक्त तू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असशील. आणि त्या रात्री तू कुठे होतीस हे तूच लिहिलं आहेस. सगळ्यांचं लक्ष पोटाकडे असताना तुझं लक्ष प्रेशरकडे होतं, शिरेकडे होतं, श्वासाकडे होतं. घाट चढणाऱ्या अॅम्ब्युलन्समध्ये, वळणावळणाला तोल सावरत, तू तेच केलंस जे भूलतज्ज्ञ करतो. घाबरलेली होतीस, पण हात थांबले नाहीत. पोटात गोळा येणं हे नापास होण्याचं लक्षण मी मानत नाही. एका रक्तस्रावानंतर पुढच्या बाळंतपणाला ज्याला काहीच वाटत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. मात्र तो गोळा झोप मोडत असेल, तीच बाई परत परत डोळ्यांसमोर येत असेल, तर कोणाशी तरी बोल. रेसिडेन्सी सुरू होण्याआधी बोल, कारण जेआर वनच्या, म्हणजे निवासी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षात त्याला सवड मिळत नाही.

तुझ्या पत्रात मला ओपीडी कुठेच दिसली नाही. गायनॅकचं अर्धं आयुष्य तिथे जातं. तिसऱ्या महिन्यात आलेली मुलगी, तिची सासू, तिचं हिमोग्लोबिन, न घेतलेल्या लोहाच्या गोळ्या, मूल राहत नाही म्हणून चार वर्षं येणारं जोडपं, पाळी जाताना चिडचिड होणाऱ्या बायका. मी ज्यांची बाळंतपणं केली त्यांच्या मुली पुढे माझ्याकडे आल्या. मला ही ब्रँच आवडली ती या नात्यासाठी. ऑपरेशन हा त्यातला छोटा भाग. ते नातं भूलतज्ज्ञाला जवळजवळ मिळत नाही. तुला त्याची ओढ असती तर एखादं वाक्य तरी आलं असतं. आलं नाही यात गैर काही नाही.

काकींच्या प्रश्नाला मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो उद्या तुला स्वतःलाही पडेल. दहा वर्षांनी बाजारात कोणी थांबवून "डॉक्टर, तुमच्यामुळे माझी बायको वाचली" म्हणणार नाही. हे ज्याला सोसत नाही त्याने ही ब्रँच घेऊ नये. पण नाव कळण्याचं म्हणशील, तर कोकणात ब्रँचची किंमत बोर्डावर ठरत नाही, इथे काय अडतं त्यावर ठरते. महाडला राहून डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरलं, रक्तदाबाचं एक साधं औषध, आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. हिम्मतरावांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या गावात जे अडलं होतं त्याचा ते पाठपुरावा करत राहिले.

आपल्याकडे आज काय अडतं? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास कमी होत जातो. प्रतिविष द्यायचंच, पण श्वासाचे स्नायू गेले की ट्यूब घालून व्हेंटिलेटरवर ठेवणारा माणूस जवळ लागतो. भातलावणीनंतरचा लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) फुप्फुसांत उतरला की तेच. दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आहे, त्यातले गंभीर रुग्णही आयसीयूतच येतात. भूलशास्त्राच्या तीन वर्षांत तुला यासाठी लागणारे हात मिळतील. तुझी ब्रँच ओटीच्या दारात संपत नाही.

गायनॅकच्या बाजूनेही एक खरं सांगते. मी नर्सिंग होम चालवलं. सीझरचा निर्णय माझा असायचा, पण भूलतज्ज्ञाची गाडी दारात येईपर्यंत मला सुरी हातात घेता येत नसे. ते दुसऱ्या गावी दुसऱ्या केसमध्ये असत. बाळाचे ठोके उतरत असताना मी खिडकीतून रस्ता बघत उभी राहिले आहे, पावसात, लाईट गेलेली असताना. म्हणून मुलीला गायनॅकच बरं, स्वतःचा बोर्ड, स्वतःचं राज्य, असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. जवळ भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त नसेल तर तो बोर्ड रात्री दोन वाजता काहीच करू शकत नाही.

अॅनेस्थेशियाचं कडू मीच सांगते, नाहीतर नंतर म्हणशील मावशीने सांगितलं नाही. इथे फ्रीलान्स केलंस तर वेळ तुझी नसते, सर्जनची असते. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी धाव. गाडीच्या डिकीत लॅरिंगोस्कोप, ट्यूबा, औषधं, मॉनिटर स्वतःचे ठेवावे लागतात. काही ठिकाणी फी महिनोन्महिने अडकते. काही बिघडलं तर नातेवाईक आधी विचारतात, "भूल जास्त झाली का?" आणि सगळ्यांत अवघड म्हणजे नाही म्हणणं. कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) नाही, ऑक्सिजनचा भरलेला जादा सिलिंडर नाही, पेशंट उपाशी नाही, अशा वेळी वयाने मोठ्या, नाव असलेल्या सर्जनला तुला तोंडावर "आज ही केस होणार नाही" म्हणावं लागेल. ते जमेल का, याचा विचार लेबर रूमच्या भीतीपेक्षा जास्त कर. तुझ्या स्वभावाची परीक्षा तिथे आहे.

यादी भरताना ऐकीव डावपेच करू नकोस. मेरिटप्रमाणे तुझी पाळी आली की तुझ्या यादीतलं वरून पहिलं जे शिल्लक असेल ते तुला लागतं. कमी आवडतं ते वर चढवून फायदा काहीच होत नाही, नुकसान मात्र होतं. अखिल भारतीय कोट्याची नोंदणी एमसीसीकडे (केंद्राची प्रवेश समिती) आणि राज्याच्या जागांची राज्याच्या सीईटी सेलकडे, दोन्ही वेगवेगळ्या करायच्या. पहिल्या फेरीनंतर सीट सोडणं आणि शेवटच्या फेऱ्यांत सोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिपॉझिट जाणं, पुढच्या फेरीतून बाद होणं, हे नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेत वाच. सीनियरने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते यंदा चालेलच असं नाही. एक गायनॅक, एक अॅनेस्थेशिया अशी आलटून पालटून यादी करू नकोस. आणि अॅनेस्थेशियासाठी कॉलेज निवडताना शहर बघू नकोस. तिथल्या जेआरला फोन करून विचार: आयसीयू भूलशास्त्र विभाग चालवतो का, प्रसूतीच्या केसेस किती, लहान मुलांच्या केसेस येतात का, रात्री सीनियर ओटीत असतो की फोनवर.

बाबांशी बोलायचं राहिलं आहे, आणि तू ते पत्रात दोन वाक्यांत उरकलं आहेस. त्यांनी जमीन घेतली ती तुझ्यावर दबाव टाकायला नव्हे. आंबा एखाद्या वर्षी थंडीच्या लहरीवर जातो, एखाद्या वर्षी अवकाळी पावसावर. मुलीचं उत्पन्न हवामानावर असू नये, एवढंच त्या बापाला हवं आहे. त्यांना ब्रँचचं शास्त्र समजावत बसू नकोस. जवळच्या एखाद्या भूलतज्ज्ञाची परवानगी घेऊन आधी तू त्यांच्याबरोबर एक आठवडा फिर, रात्रीच्या फोनसकट. मग एका संध्याकाळी त्या भूलतज्ज्ञांना घरी चहाला बोलाव आणि बाबांना हवं ते विचारू दे: महिन्याला किती मिळतं, किती बुडतं, बाईमाणसाने रात्री एकटीने गाडी घेऊन जायचं तर काय करता. उत्तरं सगळी गोड नसतील. ती त्यांनी बाहेरच्या माणसाकडून ऐकलेली बरी. त्या जागेचं आज काही ठरवू नका. तीन वर्षं एमडीची, एक बॉण्डचं, तोवर तिथे कलमं लावली तरी चालतील.

एमडीला गेलीस की तुला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागेल, डीआरपीमध्ये, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅममध्ये. विभागप्रमुखांकडे सिंधुदुर्ग मागून बघ. मिळालं तर पावसाळ्यातले महिने माग.

– मावशी