‘जोखीम’ आणि तो ‘सुसंस्कृत’ गुंतवणूकदार

वेंगुर्ल्याहून विचारणा आहे: घरच्या काजू कंपनीचे शेअर बाहेरचा माणूस घेतोय आणि कराराच्या मराठी मसुद्यात ‘खरेदीदार सुसंस्कृत गुंतवणूकदार असून त्याने धोका पत्करला आहे’ असं लिहिलंय. हे बरोबर का?

नाही. ‘सुसंस्कृत’ आधी खोडा. चारचौघांत बशीतला चहा भुरकत नाही, एवढंच त्यातून कळतं. इंग्रजी ‘सॉफिस्टिकेटेड’च्या या भाषांतराचा मला वीट आलाय. व्यवहार पारखण्याइतकी जाण आणि अनुभव गाठीशी आहे, सगळे पैसे बुडाले तरी झेपेल, अशी ग्वाही तो देतोय. ‘जाणकार’ म्हणा. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२१ मध्ये आणलेला अ‍ॅक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) गुंतवणूकदार वेगळा. तो उत्पन्न-मालमत्तेच्या आकड्यांवर ठरतो.

आता ‘जोखीम’. ‘जोखायची ती जोखीम’ असं सांगून पुष्कळ पंडित मोकळे होतात. मग शेवटचा ‘ईम’ काय आभाळातून पडला? माझ्या मते मूळ आहे ‘योगक्षेम’. यात्रेची जत्रा झाली, क्षीराची खीर झाली, तसाच इथे य चा ज आणि क्ष चा ख. होय, आयुर्विमा महामंडळाच्या ब्रीदातला तोच योगक्षेम! सुरक्षिततेचा शब्द संकटाचा कसा झाला, असं हेच पंडित मला खिजवतात. त्यांनी मनुस्मृतीचा सातवा अध्याय उघडावा. व्यापाऱ्यावर कर बसवताना राजाने खरेदी-विक्री, वाटखर्च यांसोबत ‘योगक्षेम’ही पाहावा, असं तिथे आहे, म्हणजे माल राखण्याचा भार. ज्याच्यावर राखण्याचा भार, नुकसानही त्याच्याच माथी. अर्थ असा सरकला.

पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारातली जोखमी हुंडी तर या शब्दाचा दागिनाच. गलबतावर माल चढवला की पाठवणारा माल घेणाऱ्यावर हुंडी, म्हणजे पैसे भरण्याचा लेखी आदेश, लिही; सराफ, म्हणजे पेढीवाला, ती कसर (आपली वजावट) कापून विकत घेई. गलबत सुखरूप लागलं तर माल घेणारा पैसे भरी. बुडालं तर सराफाचे गेले. उचल आणि विमा एकाच कागदावर! बुडीत धरूनच त्याने कसर कापलेली असे. त्याला कोणी फसवलेलं नसे.

तेव्हा लिहा: ‘खरेदीदार जाणकार असून त्याने जोखीम समजून स्वीकारली आहे.’ ‘धोका’ ठेवलात तर उद्या कुणी ‘धोका दिला’ असंच वाचेल. आणि विकणाऱ्याने मुद्दाम खोटं सांगून शेअर गळ्यात मारले असतील, तर ते १८७२ च्या करार कायद्याच्या १७व्या कलमातलं कपट. ते या वाक्याने झाकलं जात नाही.