प्रमोशन मिळालं, तरी रिकामं का वाटतंय?

प्रश्न : सलाम ताई, नुकताच मॅनेजर झालो, पगार वाढला, घरचे खूश, पण मला लगेचच काही वाटेनासं झालं. चर्चला लहानपणापासून जातो. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं का?

उत्तर : सलाम. अरे, राजीनाम्याची एवढी घाई कशाला? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला श्रीमंत माणूस आठव, त्याचं पीक जोरात आलं यात येशूनं काही चूक काढली नाही, पण त्याचं बोलणं नीट वाच, सगळं स्वतःशीच चाललंय, माझी कोठारं माझं धान्य माझा जीव, त्यात ना देव ना शेजारी, आणि त्याच रात्री जीव मागितला जातो. येशूचा प्रेषित पौल, त्याचं उलटं. घराणं, परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) म्हणून मान, सगळं होतं त्याच्याकडे, आणि फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तो चक्क कैदेतून लिहितो की ख्रिस्तापुढे हे सगळं केरकचरा, वर ते अख्खं पत्र आनंदानं भरलेलं! (आपल्याला एसीत बसून जमत नाही ते.) पण हाच पौल करिंथ शहरात तंबू बनवून पोट भरत होता हे लोक विसरतात, म्हणजे काम टाकायलाच हवं असं काही नाही. तू कोण आहेस हे प्रमोशनवरून ठरवणं मात्र थांबव, ते येशूनं आधीच ठरवलंय, उद्या खुर्ची गेली तरी त्यात फरक पडत नाही. आता तुझ्या हाताखाली माणसं आहेत ना, त्यातल्या कुणाच्या घरी काय चाललंय माहितीये का तुला? सेवा तिथूनच सुरू कर. पूर्णवेळचं पाळकांशी जरूर बोल, पण सहा महिन्यांनी.