टेप, वही आणि श्रिंकेज

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं निवेदन दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा तांबडी पेन्सिल हातात घेऊन. चौदा मागण्या आहेत. शहरभर फुटपाथ, शहरभर सायकल ट्रॅक, केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसगाड्या दुप्पट, महाद्वार रोड वाहनमुक्त, आणि हे सगळं आठ दिवसांत, नाहीतर मोर्चा. मी हसलो नाही. तुझ्या वयात मी सोळा मागण्या दिल्या होत्या. साहेबांनी कागद फार आदरानं घेतला, चहा पाजला. पुढं त्या कागदाचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

चौदातल्या तेरा खोडल्यात. रागावू नकोस. राहिली ती अकरावी: कॉलेजच्या स्टॉपवर उतरून पलीकडं जायला धड जागा नाही, ही. ती ठेवली, कारण तिच्यात तू आहेस. बाकीच्या तू कुठून तरी वाचून लिहिल्यास, ते वाचणाऱ्याला कळतं. आणि एक, 'मी डंपरखाली जाता जाता वाचलो' असं लिहिलंयस. आपल्या कोल्हापुरात पोरी असंच बोलतात, मला गोड वाटतं. पण साहेब बाहेरगावचे असतात. 'वाचले' कर.

माझा जन्म उद्यमनगरात पॅटर्न करण्यात गेला, तुला ठाऊक आहे. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरून घेतात तो नमुना. लाकडाचा पॅटर्न ड्रॉइंगच्या मापाचा कधी करत नाहीत. ओतलेलं लोखंड थंड होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा ठेवायचा. याला आम्ही श्रिंकेज धरणं म्हणतो. कचेरीत घातलेली मागणीसुद्धा अशीच आकसते. फरक एवढाच, की लोखंड किती आकसणार ते पुस्तकात छापलेलं असतं. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी 103. तिच्यात फुटपाथची चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे. तू किमानच मागितलंस, तर डीपी म्हणजे विजेची पेटी, विजेचा खांब आणि दुकानाची पायरी जाऊन तुझ्या हातात दीड फूट येईल. अडीच मीटर माग. आणि 'अडथळे सोडून' हे दोन शब्द अधोरेखित कर.

पण मागायच्या आधी टेप लाव. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं माझा हात पोळलाय.

पंचवीसेक वर्षं झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोरं गाड्या सुसाट हाणायची. एक शाळकरी पोर चाकाखाली जाता जाता राहिलं आणि मी पेटलो. दीडशे सह्या गोळा केल्या, गतिरोधक मागितला, आणि नवल म्हणजे आठवड्यात मिळाला. रात्रीत येऊन डांबर ओतून गेले. गतिरोधक कसला, बसलेल्या म्हशीची पाठच ती! त्यावर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडं फलक नाही. मी मात्र गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या रात्री लुनावरून घरी निघालेले एक म्हातारे गृहस्थ त्यावरून उडाले. खांदा मोडला. मी भेटायला गेलो तर कॉटवरून म्हणाले, "कुणाच्या डोक्यातनं निघालं ओ हे?" मला 'माझ्या' म्हणता आलं नाही. केळी ठेवली आणि उठलो.

त्यानंतर मी रोड्स काँग्रेसचीच गतिरोधकांवरची आयआरसी 99 मिळवून वाचली. गाडी ताशी 25 किलोमीटरच्या वेगानं सुखरूप जायची असेल तर उंचवटा 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाई राखून. म्हशीच्या पाठीची उंची होती, रुंदी नव्हती. मी कागदावर माप दिलंच नव्हतं. पॅटर्न न देता ओतकाम मागितलं, आणि कास्टिंग बिघडलं म्हणून दुसऱ्याला कोणत्या तोंडानं बोलणार?

म्हणून आधी वही कर. तुमच्या स्टॉपसमोर रस्ता किती मीटर आहे? माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे 18 मीटरच्या रस्त्याला 15 सेकंद लागणार. आता दाभोळकर कॉर्नरला किंवा व्हीनस कॉर्नरला घड्याळ घेऊन उभी राहा आणि चालणाऱ्याला खरोखर किती सेकंद मोकळे मिळतात ते लिही. म्हातारी माणसं, कडेवर पोर असलेल्या बायका, पिशव्या घेतलेल्या, यांना किती लागतात ते वेगळं लिही. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, असे तीन दिवस. पाऊस असेल तर फारच बरं, पावसात माणूस डबकं चुकवायला कुठं उतरतो ते दिसतं.

आणि थोडक्यात वाचलेली माणसं मोज. ही मोजणी सहसा कोणी करत नाही. राष्ट्रीय महामार्गावर एखादी जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरायला सरकारी व्याख्येनं 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा जीव जावे लागतात. म्हणजे जागेनं आधी माणसं खायची, मग तिचं नाव यादीत. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी. हे आकडे सरकारचेच आहेत. पण डंपरखाली जाता जाता वाचलेली तू यात कुठंच नाहीस. ती नोंद तुझ्या वहीत झाली तरच होणार.

मग प्रश्न येतो, वही नेऊन द्यायची कुणाला? आमची पाच वर्षं इथंच गेली. एका कोपऱ्याला चार-पाच धनी असतात. रस्ता कधी महापालिकेचा, कधी सार्वजनिक बांधकामचा, शिरोली-उचगावकडं महामार्ग प्राधिकरणाचा. स्टॉप केएमटीचा. खांब महावितरणचा. चौकातला शिपाई वाहतूक शाखेचा. तू सगळ्यांना एकच कागद दिलास की प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बोट करतो, आणि खोटंही बोलत नसतो. म्हणून आधी माहिती अधिकारात एवढंच विचार: हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे आणि गेल्या तीन वर्षांत त्यावर कोणती कामं झाली? 10 रुपये फी, 30 दिवस मुदत. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, तुझ्यासारखीला ती फार उपयोगी. उत्तर आलं की धन्याप्रमाणं वेगळा कागद, प्रत्येक कागदात एकच काम. पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथं तोच शिक्का दाखवायचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, एक प्रत तिकडं. ही सगळी खात्यं एका टेबलाभोवती बसतात ती जागा तीच.

मोर्चाचं म्हणशील तर मला मोर्चाचं वावडं नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला होता, त्याविरुद्धच्या आंदोलनात मी रस्त्यावर होतो. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर उन्हात उभे असायचे, कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णा असायचे, तालमीची पोरं असायची, रिक्षावाले, वकील, सगळे. 2015 च्या डिसेंबरात सरकारला टोल गेल्याचं सांगावं लागलं. पण तेव्हा प्रत्येकाच्या खिशाला हात लागला होता, म्हणून गाव एक झालं. पायी चालणाऱ्याची युनियन नसते. तो पलीकडं पोचला की विसरतो. आपलंच बघ ना, रंकाळ्यावर फिरायला येणारे निम्मे जण गाडीवरून येतात, गाडी फुटपाथला चिकटून लावतात आणि मग चालायला लागतात. आषाढीला हेच गाव नंदवाळच्या विठ्ठलापर्यंत दिंडीत चालतं, पुईखडीला रिंगण होतं. चालायचा कंटाळा नाही गावाला. दुसऱ्या दिवशी बिंदू चौकात जायला मात्र किक मारतं.

तुझ्या निवेदनात फेरीवाल्यांवर एक परिच्छेद होता, तो मी पूर्णच काढला. फुटपाथ अडवलेला दिसतो तो भाजीवालीनं, पण टेप लावलास की कळेल, दुचाक्यांनी आणि पायऱ्यांनी किती खाल्लाय. शिवाय त्या कोपऱ्यावर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत डोळे उघडे ठेवून बसलेलं माणूस एकच, ती. कोण कधी धडपडलं, कुठल्या गाडीनं मारलं, तिला सगळं पाठ असतं. वहीतली दहा पानं तीच भरून देईल. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, जागा ठरवून देण्याची समिती आहे. तो वाद तिथं होऊ दे. तू तिच्याकडून कोथिंबीर घे.

बसबद्दल तू 'गाड्या दुप्पट' एवढंच लिहिलंस. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत कोल्हापूरला 100 गाड्या मंजूर झाल्या. कुणीही गाड्यांचाच आकडा विचारतं. तू स्टॉपचं विचार. बसमधला प्रत्येक माणूस दोन्ही टोकांना पायीच असतो. स्टॉपवर उभं राहायला जागा आहे का, की गटारावरच्या फरशीवर तोल सांभाळायचा? बस कडेला लागते की वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी गाडी, उभं असतं म्हणून मधेच थांबते? उतरून पलीकडं जाता येतं का? स्टॉपवर तासभर बस आलीच नाही तर तेही लिही, वेळेसकट.

सायकलींसाठी रविवारची रॅली काढायचं तुझ्या मनात आहे. टी-शर्ट, झेंडा, पाहुणे, रंकाळ्याला एक फेरी, मग मिसळ. काढ, मिसळीला मी येतो. पण सायकल ट्रॅक कुणाला पाहिजे हे कळायचं असेल तर सोमवारी पाळी सुटताना शिरोली नाक्याला उभी राहा. फाउंड्रीतून, वर्कशॉपमधून डबा हँडलला अडकवून निघालेली माणसं, कुणाच्या सायकलीला मागं रिफ्लेक्टर नाही, शेजारून ट्रक. मी त्यातलाच एक होतो. आम्ही कधी कुठल्या रॅलीत नव्हतो, कारण रविवारी आम्ही झोपायचो.

कोर्टाचं तू विचारलंस. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरल्या मानकाप्रमाणं न केल्यामुळं जीव गेला किंवा माणूस जायबंदी झाला, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथंच, भाऊसिंगजी रोडला, सुरू आहे. मुंबईची गाडी पकडायला नको. पण तिथंही पहिला प्रश्न वहीचाच येणार, म्हणून ते दार सगळ्यात शेवटी.

शनिवारी सकाळी साडेनऊला स्टॉपवर ये. 30 मीटरचा टेप माझ्याकडं आहे, दुसरं टोक धरायला कुणीतरी आण, जमलं तर तुझ्या वर्गातला तो वादावादी करणारा पोरगा. घड्याळ सेकंदकाट्याचं हवं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी आधी रस्ता ओलांडतो, किती सेकंद लागले ते पहिल्या ओळीत लिही. नाव घालू नकोस, 'पुरुष, वय 71' एवढं पुरे.

तुझा,
काका