पहिली स्टिरिओ घेताय? आधी एवढं बघा

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, शिरण्याआधी खोली मोजा. 10 बाय 12 च्या खोलीला चॅनेलमागे, म्हणजे एकेका स्पीकरला, अ‍ॅम्प्लिफायरचे 30 वॉट भरपूर झाले. उरलेला पैसा बिनधास्त स्पीकरवर घाला. जुने घेत असाल तर कोनाभोवतीचा (थरथरून आवाज काढणाऱ्या पुढच्या शंकूभोवतीचा) फोम बोटाने हलकेच दाबा. भुगा पडला तर सोडून द्या.

नवशिके हमखास चुकतात ते वायरीत. अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवूनच जोडा: लालला लाल, काळ्याला काळी. एकाच स्पीकरची वायर उलटी लागली की बास गायब होतो, गाणाऱ्याचा आवाज मधोमध येत नाही. टोकाची एक तार जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी अ‍ॅम्प जळू शकतो, म्हणून पीळ घट्ट द्या. 1.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते.

स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका. ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला हवा. सबवूफरचं, म्हणजे फक्त बासच्या वेगळ्या स्पीकरचं, नंतर बघू.